हमीदा बानो ते निखत झरीन : मैदानाचं दार उघडणाऱ्या मुस्लिम महिला खेळाडू

शाळेत दरवर्षी एक गोष्ट दिसते. पाचवी-सहावीच्या मुली मैदानावर मुलांच्या बरोबरीने धावतात, काही तर पुढेही असतात. आठवी आली की यादीतली नावं गळायला लागतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, “मॅडम, अम्मी नको म्हणते.” खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीही त्यापुढे काही बोलले नाही. घरचा निर्णय आहे, आपण कशाला मध्ये पडायचं, असं वाटायचं.

पण एका मुलीने मला विचारलं, “मॅडम, आपल्यातली कुणी मोठी खेळाडू झाली आहे का?” मी सानिया मिर्झाचं नाव घेतलं. “अजून?” असं विचारल्यावर मी अडखळले. नावं खूप आहेत, आपल्याला ती एकत्र सांगितलीच गेली नाहीत. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. घरात मुलगी असेल तर तिच्याबरोबर बसून वाचावा.

आधी एक आठवण

खेळ आणि दीन यांचा काही संबंध नाही, असं समजणाऱ्यांनी हजरत आयेशा (रजि.) यांचा प्रसंग आठवावा. प्रवासात त्यांची आणि पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची धावण्याची शर्यत झाली आणि त्यात हजरत आयेशा पुढे गेल्या. काही काळाने पुन्हा शर्यत झाली तेव्हा पैगंबर (स.) जिंकले आणि मागच्या वेळची बरोबरी झाली, असं त्यांनी हसत सांगितलं. अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात ही हकीकत आहे. उहुदच्या लढाईत पैगंबरांच्या रक्षणासाठी तलवार घेऊन उभ्या राहिलेल्या हजरत नुसैबा (रजि.) यांचं नावही आपल्या घरांत घेतलं जातं. म्हणजे धडधाकट, चपळ, हिंमतवान बाई ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही. पोशाख कसा असावा, सराव कुठे आणि कुणाबरोबर करावा, याबद्दल घराघरांत वेगवेगळी मतं असतील, पण त्यावर बोलता येतं, मार्ग काढता येतो. खेळच नको, हा मात्र वेगळा मुद्दा आहे.

हमीदा बानो : आखाड्यात उतरलेली पहिली

सुरुवात आपल्या महाराष्ट्रात येऊन राहिलेल्या एका बाईपासून करू. हमीदा बानो मूळच्या उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या. तिथून त्या अलीगढला गेल्या आणि सलाम पहिलवान यांच्याकडे कुस्ती शिकल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘अलीगढची अ‍ॅमेझॉन’ असं नाव दिलं होतं. उंची जेमतेम सव्वापाच फूट, वजन 108 किलो. रोजचा खुराक साडेपाच लिटरच्या आसपास दूध, शिवाय सूप, फळांचा रस, मटण, बदाम, अंडी, लोणी आणि बिर्याणी. त्या काळच्या बातम्यांमध्ये हा हिशेब कौतुकाने छापलेला आहे. दिवसाचे सहा तास सराव आणि नऊ तास झोप असा त्यांचा नियम होता.

1940 आणि 1950 च्या दशकांत बायकांसाठी वेगळ्या कुस्त्या जवळपास नव्हत्याच, त्यामुळे हमीदा बानो पुरुषांशी लढल्या. 1944 मध्ये मुंबईत गूंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती ठरली तेव्हा सुमारे 20 हजार लोक जमले होते. कुस्ती ऐन वेळी रद्द झाली आणि चिडलेल्या गर्दीने तोडफोड केली. 1954 मध्ये त्यांनी जाहीर आव्हान दिलं, “जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करेन.” पतियाळा आणि कोलकात्याच्या पहिलवानांना हरवून त्या मे महिन्यात बडोद्याला पोहोचल्या. तिथे छोटे गामा पहिलवान बाईशी लढणार नाही म्हणून मागे हटले. मग बाबा पहिलवान समोर आले आणि 1 मिनिट 34 सेकंदांत चितपट झाले. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी वेरा चिस्टिलिन या रशियन महिला मल्लाला एका मिनिटाच्या आत हरवलं.

हे वाचताना गंमत वाटते, पण त्याची किंमत मोठी होती. कोल्हापुरात सोमसिंग पंजाबी या पहिलवानाला हरवल्यावर लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. आपल्या कुस्त्यांवर बंदी आल्याची तक्रार हमीदा बानो यांनी थेट तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे केली. बाई म्हणून बंदी नाही, आयोजक नुरा कुस्त्या लावतात अशा तक्रारी आहेत, असं उत्तर त्यांना मिळालं.

पुढे युरोपात जाऊन लढायचं त्यांनी ठरवलं आणि तिथून त्या आखाड्यातून अचानक दिसेनाशा झाल्या. त्यांच्या घरच्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं की, त्या परदेशी जाऊ नयेत म्हणून त्यांना मारहाण झाली आणि हाडं मोडली. नंतरचं आयुष्य कल्याणमध्ये गेलं. म्हशी पाळून दूध विकलं, पैशांची तंगी आली तेव्हा रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थही विकले. 1986 मध्ये त्यांचं निधन झालं. 4 मे 2024 रोजी गुगलने आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा कल्याणच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं.

हमीदा बानो यांना आखाड्यात कुणी चीत केल्याचं सहसा सांगितलं जात नाही. त्यांना रोखलं ते आखाड्याबाहेरच्या लोकांनी. त्यात दगड फेकणारी अनोळखी गर्दी होती, संघटना होती आणि घरही होतं. पुढच्या प्रत्येक नावात या तिन्हींपैकी काहीतरी सापडेल.

1936 : ऑलिम्पिकमध्ये पहिलं पाऊल

ऑलिम्पिकमध्ये उतरलेल्या पहिल्या मुस्लिम महिला तुर्कस्तानच्या हालेट चांबेल आणि सुआत फेतगेरी आशेनी. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये दोघी तलवारबाजीत खेळल्या. त्यांना पदक मिळालं नाही. पण तिथल्या एका अधिकारी बाईने हिटलरशी ओळख करून देऊ का, असं विचारलं तेव्हा हालेट यांनी साफ नकार दिला. त्या वेळी त्या फक्त एकोणीस वर्षांच्या होत्या.

हालेट चांबेल पुढे पुरातत्त्वशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि तुर्कस्तानातल्या कारातेपे इथल्या प्राचीन अवशेषांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. 2014 मध्ये, 97 व्या वर्षी त्या गेल्या. खेळ आणि शिक्षण यांतलं एकच निवडावं लागतं, असं म्हणणाऱ्या पालकांसाठी हे उदाहरण पुरेसं आहे.

नवाल अल-मुतवक्किल : 54.61 सेकंद

1984 पर्यंत महिलांना 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच. त्या वर्षी लॉस एंजेलिसला ती पहिल्यांदा झाली आणि जिंकली मोरोक्कोच्या नवाल अल-मुतवक्किल हिने, 54.61 सेकंदांत. कासाब्लांका शहरातली ही 22 वर्षांची मुलगी त्या वेळी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शिकत होती. मोरोक्कोच्या पथकात ती एकटीच महिला होती. मुस्लिमबहुल देशातून आलेल्या महिलेचं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्णपदक आणि मोरोक्को देशाचंही पहिलंच सुवर्ण. मोरोक्कोचे राजे हसन दुसरे यांनी फोनवर अभिनंदन केलं आणि त्या दिवशी जन्मलेल्या मुलींचं नाव नवाल ठेवावं असं जाहीर केलं.

नवालच्या वडिलांचा तिच्या धावण्याला पाठिंबा होता. ती अमेरिकेला गेल्यानंतर थोड्याच काळात त्यांचं निधन झालं, मुलीचं सुवर्ण त्यांना पाहता आलं नाही. परक्या देशात हा धक्का पचवून तिने सराव चालू ठेवला. पुढे ती आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची सदस्य झाली, 2012 मध्ये उपाध्यक्ष झाली आणि मायदेशात मंत्रीही झाली. 1993 पासून कासाब्लांकात तिने महिलांची मोठी धावण्याची शर्यत सुरू केली. तिच्या एका पदकातून हजारो बायकांना रस्त्यावर धावण्याची सवय लागली, हे मला पदकाहून मोठं वाटतं.

हसिबा बूलमेर्का : धमक्यांच्या छायेत

अल्जीरियाच्या हसिबा बूलमेर्का हिने 1991 मध्ये टोकियोत 1500 मीटर शर्यतीचं जागतिक विजेतेपद जिंकलं. अ‍ॅथलेटिक्सचं जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली आफ्रिकी महिला. देशात आनंद झाला, पण त्याच वेळी तिच्या धावण्याच्या पोशाखावरून कट्टर गटांनी तिचा धिक्कार केला. अल्जीरिया तेव्हा यादवीच्या उंबरठ्यावर होता. जिवाच्या धमक्या येऊ लागल्या तशी तिला सरावासाठी देश सोडून युरोपात राहावं लागलं.

1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये तिने 3 मिनिटं 55.30 सेकंदांत सुवर्ण जिंकलं. अल्जीरियाचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. त्याच्या थोडे आठवडे आधी, जून महिन्यात, देशाचे अध्यक्ष मोहम्मद बूदियाफ यांची हत्या झाली होती. हसिबाने आपलं पदक त्यांना अर्पण केलं. 1995 मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली. 2000 मध्ये सिडनीला याच 1500 मीटरमध्ये अल्जीरियाच्याच नूरिया मेराह-बेनिदा हिने सुवर्ण घेतलं. एकीने वाट मोकळी केली की दुसरीला किती कमी वेळ लागतो, हे यातून दिसतं.

डोक्यावरचा कपडा आणि नियमांची भिंत

एकीकडे कमी कपड्यांवरून टीका, तर दुसरीकडे पूर्ण कपड्यांवरून बंदी. ज्या मुलींना हिजाबमध्ये खेळायचं होतं त्यांच्यासाठी अडथळा घरात नव्हता, तो नियमांच्या पुस्तकात होता. हे नियम कसे बदलले ते थोडक्यात पाहू.

*धावणे.* बहरीनच्या रुकय्या अल-गसरा हिने 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत डोकं आणि अंग पूर्ण झाकून 200 मीटरचं सुवर्ण जिंकलं. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ती देशाची ध्वजवाहक होती.

*वेटलिफ्टिंग.* पाकिस्तानी वंशाची अमेरिकन इंजिनिअर कुलसूम अब्दुल्ला हिला 2011 मध्ये पूर्ण बाह्या आणि हिजाब घालून खेळू दिलं नाही. कोपर आणि गुडघा सरळ झाला की नाही हे पंचांना दिसायला हवं, हा आक्षेप होता. तिने वाद घातला नाही, अंगाला चिकटून राहणाऱ्या कपड्यात सांधे कसे दिसतात ते लेखी मांडलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला आणि कुलसूम पाकिस्तानकडून जागतिक स्पर्धेत उतरली. एका खेळाडूच्या नीट लिहिलेल्या अर्जाने जगभरचा नियम बदलतो, हे मुलींना जरूर सांगावं.

*फुटबॉल.* जून 2011 मध्ये जॉर्डनमधल्या अम्मान इथे इराणच्या महिला संघाला हिजाबमुळे ऑलिम्पिक पात्रता सामना खेळू दिला नाही. जॉर्डनचे राजपुत्र अली बिन अल-हुसेन यांनी हा विषय लावून धरला. 2012 मध्ये प्रयोग म्हणून आणि 2014 मध्ये कायमची परवानगी मिळाली. 2023 च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना दक्षिण कोरियाविरुद्ध मैदानात उतरली. महिलांच्या वरिष्ठ विश्वचषकात हिजाब घालून खेळलेली ती पहिली खेळाडू. मोरोक्कोने तो सामना 1-0 ने जिंकला.

*बास्केटबॉल.* अमेरिकेच्या बिल्किस अब्दुल-कादिर हिने शालेय स्पर्धांमध्ये आपल्या राज्यात गुणांचा विक्रम केला होता. कॉलेजनंतर परदेशात व्यावसायिक खेळायची वेळ आली तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने डोकं झाकायला मनाई केली. तिने अनेक वर्षं मोहीम चालवली. 2017 मध्ये बंदी उठली, पण तोवर तिची खेळण्याची उमेदीची वर्षं निघून गेली होती. तिच्या लढ्याचा फायदा तिच्या मागून येणाऱ्यांना झाला.

*तलवारबाजी.* अमेरिकेच्या न्यू जर्सीतली इब्तिहाज मुहम्मद या खेळाकडे कशी वळली, ते ऐकण्यासारखं आहे. तिच्या आईने एका शाळेत तलवारबाजीचा सराव पाहिला. सगळ्या खेळाडूंचं अंग पूर्ण झाकलेलं होतं. आईला वाटलं, हा आपल्या मुलीचा खेळ. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये इब्तिहाज सेबर प्रकारात सांघिक कांस्यपदक विजेती ठरली. हिजाब घालून ऑलिम्पिक खेळणारी ती पहिली अमेरिकन महिला.

दोन्ही बाजूंची सक्ती

2012 चं लंडन ऑलिम्पिक एका कारणासाठी लक्षात ठेवावं. सौदी अरेबिया, कतार आणि ब्रुनेई या देशांनी पहिल्यांदाच महिला खेळाडू पाठवल्या. सौदीकडून वुजदान शहरखानी ज्युदोत आणि सारा अत्तार 800 मीटरमध्ये उतरली. दोघी लवकर बाद झाल्या. सारा शर्यतीत सर्वांत शेवटी पोहोचली, तरी स्टेडियममधले लोक तिच्यासाठी उभे राहिले.

इराणच्या किमिया अलिझादेह हिने 2016 मध्ये रिओत तायक्वांदोचं कांस्य मिळवलं. ऑलिम्पिक पदक जिंकणारी ती पहिली इराणी महिला. 2020 मध्ये तिने देश सोडला. सक्तीचा हिजाब आणि आपल्या यशाचा सरकारी वापर, ही कारणं तिने स्वतः सांगितली. उलट 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये यजमान फ्रान्सने आपल्या खेळाडूंना हिजाब घालायला मनाई केली. धावपटू सुंकांबा सिला हिला उद्घाटन सोहळ्यात टोपी घालून मार्ग काढावा लागला.

एक देश डोकं झाकायला लावतो, दुसरा उघडायला लावतो. दोन्हीकडे खेळणाऱ्या मुलीला कुणी विचारत नाही. त्याच पॅरिसमध्ये इथिओपियात जन्मलेली, पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्सला गेलेली सिफान हसन मॅरेथॉन धावली. 2 तास 22 मिनिटं 55 सेकंद हा ऑलिम्पिक विक्रम करून, अवघ्या तीन सेकंदांच्या फरकाने तिने सुवर्ण जिंकलं. ती धावताना नेहमीच्या पोशाखात धावली आणि पदक घेताना हिजाब घालून उभी राहिली. निर्णय तिचा होता.

सानिया मिर्झा : पहिली, आणि बराच काळ एकटी

सानियाचा जन्म 15 नोव्हेंबर 1986 रोजी मुंबईचा, वाढली हैदराबादमध्ये. सहाव्या वर्षी हातात रॅकेट आली. वडील इम्रान मिर्झा हेच तिचे प्रशिक्षक झाले. 2003 मध्ये तिने विम्बल्डनमध्ये मुलींच्या दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. 2005 मध्ये हैदराबादेतली स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीए एकेरी विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. 2007 मध्ये ती एकेरीत जगात 27 वी होती.

अठराव्या वर्षी देशभर प्रसिद्धी मिळाली आणि त्याबरोबर तिच्या स्कर्टच्या लांबीवर चर्चाही सुरू झाली. तिच्या सामन्यांहून जास्त शाई तिच्या कपड्यांवर खर्च झाली. मनगटाच्या दुखापतीने एकेरी सोडावी लागली, तेव्हा अनेकांनी तिची कारकीर्द संपली असं धरलं. तिने दुहेरीत मन घातलं. तीन मिश्र दुहेरी (2009 ऑस्ट्रेलियन, 2012 फ्रेंच, 2014 अमेरिकन) आणि मार्टिना हिंगिसबरोबर तीन महिला दुहेरी (2015 विम्बल्डन, 2015 अमेरिकन, 2016 ऑस्ट्रेलियन) अशी सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. एप्रिल 2015 मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. पद्मश्री, खेलरत्न आणि पद्मभूषण मिळाले. 2018 मध्ये मुलगा झाल्यावर तिने पुन्हा सराव सुरू केला आणि जानेवारी 2020 मध्ये परतताच होबार्टला दुहेरीचं विजेतेपद घेतलं. फेब्रुवारी 2023 मध्ये तिने निवृत्ती घेतली.

नूशीन अल खदीर : जिंकणारा संघ घडवणारी

क्रिकेटमध्ये नूशीन अल खदीर हे नाव फार कमी लोकांना माहीत आहे. तेहरानमध्ये जन्मलेली आणि कर्नाटकात वाढलेली ही ऑफस्पिनर भारताकडून खेळली. एकदिवसीय सामन्यांत तिने 100 बळी घेतले. 2005 मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचलेल्या, पण ऑस्ट्रेलियाकडून हरलेल्या संघात ती होती. जानेवारी 2023 मध्ये 19 वर्षांखालील मुलींचा पहिला टी-20 विश्वचषक भारताने इंग्लंडला हरवून जिंकला, तेव्हा संघाची मुख्य प्रशिक्षक नूशीन होती. भारतीय महिला क्रिकेटची ती पहिली जागतिक ट्रॉफी. खेळाडू म्हणून हुकलेला विश्वचषक तिने प्रशिक्षक म्हणून मिळवला.

निखत झरीन : निजामाबादची जगज्जेती

तेलंगणातलं निजामाबाद आपल्या नांदेडला अगदी लागून. तिथल्या चार बहिणींमधली तिसरी निखत. जन्म 14 जून 1996. वडील मोहम्मद जमील अहमद स्वतः खेळाडू होते, ते तिला धावण्याच्या सरावाला मैदानावर न्यायचे. तिथे बॉक्सिंगच्या रिंगमध्ये फक्त मुलं दिसली, तेव्हा तिने विचारलं, मुली बॉक्सिंग करत नाहीत का? करतात, पण लोकांना वाटतं की मुलींमध्ये तेवढी ताकद नसते, असं उत्तर मिळालं. मग तिने बॉक्सिंगच निवडलं.

पहिल्या मारामारीत नाक-डोळा सुजवून घरी आली तेव्हा आई परवीन सुलताना रडायला लागल्या. चेहरा बिघडला तर लग्न कोण करणार? नातेवाईकही हेच म्हणायचे, शिवाय शॉर्ट्सवरूनही बोलायचे. वडील मात्र ठाम राहिले.

2011 मध्ये तुर्कस्तानात ती ज्युनिअर जगज्जेती झाली. 2017 मध्ये खांद्याच्या दुखापतीने जवळपास वर्ष वाया गेलं. 2019 मध्ये मेरी कोमशी निवड चाचणी व्हावी यासाठी तिने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं, लोकांनी तिला उद्धट ठरवलं, आणि चाचणीत ती 9-1 ने हरली. तिथे थांबली असती तर कुणी दोष दिला नसता. मे 2022 मध्ये ती पुन्हा तुर्कस्तानात, इस्तंबूलमध्ये, रिंगमध्ये उतरली आणि थायलंडच्या जितपोंग जुतामासला 5-0 ने हरवून जगज्जेती झाली. त्याच वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण, 2023 मध्ये दिल्लीत दुसऱ्यांदा जागतिक विजेतेपद. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या वू यूकडून ती लवकर हरली. त्याच वर्षी तेलंगणा पोलिसांत ती उपअधीक्षक म्हणून रुजू झाली. जी आई काळजीने रडली होती, तीच नंतर मुलीच्या सामन्याआधी दुआ मागत बसू लागली.

मुंब्र्याचं मैदान

प्रत्येक मुलगी ऑलिम्पिकला जाणार नाही. मग साध्या मुलीला मैदान कशाला? याचं उत्तर मुंब्र्यात मिळतं. 2012 च्या सुमारास तिथे काही मुलींनी फुटबॉल खेळायला सुरुवात केली, त्यातून ‘परचम’ नावाची संस्था उभी राहिली. मैदानावर कायम मुलंच असायची, म्हणून मुलींनी घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी राखीव मैदानाची मागणी लोकप्रतिनिधींकडे नेली. कुणी बुरख्यात यायची, कुणी ट्रॅकसूटमध्ये. पुढे वेगवेगळ्या धर्मांच्या मुली एकाच संघात खेळू लागल्या. या मुलींना पदकं मिळाली नसतील, पण अर्ज लिहिणं, अधिकाऱ्यासमोर बोलणं आणि हरल्यावर पुन्हा उभं राहणं त्या शिकल्या.

आपल्या घरात काय करता येईल

महाराष्ट्रातल्या पालकांसाठी काही उपयोगी गोष्टी :

1. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात. शाळेच्या क्रीडा शिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटा, नोंदणीची मुदत निघून गेल्यावर काही करता येत नाही.

2. ठरावीक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा आणि त्यावरचं नाव आधार कार्डाप्रमाणेच आहे का ते तपासा. आपल्याकडे ‘शेख’ आणि ‘शैख’, ‘आयेशा’ आणि ‘आईशा’ यांत नंतर फार त्रास होतो.

3. पोशाखाची अडचण असेल तर आधी त्या खेळाचा नियम विचारा. अनेक खेळांत पूर्ण बाह्या, लेगिंग आणि स्पोर्ट्स हिजाब चालतो. तलवारबाजी, नेमबाजी, तिरंदाजी, बुद्धिबळ, कॅरम असे पर्यायही आहेत.

4. सरावाला एकटीला पाठवायची काळजी वाटते ना? मोहल्ल्यातल्या तीन-चार मुली मिळून पाठवा. एखाद्या अम्मीने आळीपाळीने मैदानावर बसावं. प्रशिक्षक कोण आहेत ते स्वतः जाऊन पाहा. विश्वास भेटीतून तयार होतो.

5. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात प्रशिक्षण, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीची माहिती मिळते. चौकशीला पैसे लागत नाहीत.

शेवटी

या सगळ्या नावांमध्ये एक गोष्ट समान दिसते. घरातलं कुणीतरी एक माणूस पाठीशी होतं, तिथे मुलगी पुढे गेली. निखतचे अब्बू, सानियाचे अब्बू, नवालचे वडील, इब्तिहाजची आई. हमीदा बानो यांच्याकडे ताकद सगळ्यांहून जास्त होती, घरातला आधार मात्र शेवटी राहिला नाही.

आता आठवीच्या मुलीचं नाव यादीतून गळलं की मी घरी फोन करते. कधी अम्मी ऐकतात, कधी नाही. वाद घालत नाही, फक्त विचारते, एकदा मैदानावर येऊन तिला खेळताना पाहाल का? ज्या आल्या, त्यांतल्या बहुतेकींनी नंतर नाव गाळायला सांगितलं नाही.